मागची बाजूही तशीच आहे

सहल ही टाळता येण्याजोगी दुर्घटना आहे. हरवलेले चष्मे, बिघडलेली पोटं आणि कायमची दुरावलेली मेहुणेमंडळी यांच्या मुळाशी गेलं, तर तिथे कुणीतरी सहज म्हटलेलं एकच वाक्य सापडतं : "चला, कुठेतरी जाऊन येऊ." हे वाक्य तोंडातून काढण्यापूर्वी माणसाने काय काय करायला हवं, याचा शास्त्रशुद्ध विचार आजवर फक्त एका घरात झाला. ते घर चौथ्या मजल्यावर होतं आणि विचार करणाऱ्या गृहस्थांना सगळे तालीमसाहेब म्हणत.

तालीमसाहेब रंगाच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. आग लागली तर काय करायचं, याची कामगारांकडून तालीम करून घेणं हे त्यांचं काम. दर महिन्याला भोंगा वाजायचा, कामगार रांगेने मैदानात येऊन उभे राहायचे, जखमी म्हणून नेमलेला माणूस स्ट्रेचरवरून यायचा (या जागेसाठी कामगारांत चुरस असे, स्ट्रेचरवर झोप चांगली लागते), साहेब शिट्टी फुंकायचे आणि सगळे पुन्हा आपापल्या पिंपांकडे जायचे. साहेबांच्या उभ्या कारकिर्दीत कारखान्याला एकदाही आग लागली नाही. याबद्दल व्यवस्थापनाने त्यांचा सत्कार करून एक पितळी फलक दिला. त्यावर 'न घडलेल्या घटनांबद्दल कृतज्ञतापूर्वक' असं कोरलेलं होतं. पाहुणा आला की साहेब त्याला तो फलक वाचायला लावत आणि तो वाचत असताना घराबाहेर पडण्याचा सर्वांत जवळचा मार्ग दाखवत. पाहुणे सहसा तो मार्ग पत्करत.

साहेबांची बायको शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून तिला अख्खी इमारत बाई म्हणायची. सहलीची गरज होती ती बाईंना. बाकीच्यांना नुसती हौस होती, आणि हौस कुठेही भागते.

गरजेचं कारण सातव्या पाठात होतं. त्या पाठात एक जुनं दगडी मंदिर होतं. पुस्तकात त्याचं एकच छायाचित्र, आगपेटीएवढं, समोरून काढलेलं. आणि छपाई अशी की खांब कुठला आणि खांबांमधला अंधार कुठला, हे शाई कुठे जास्त सांडली आहे त्यावरून ठरवावं लागे. बाई कित्येक वर्षं हे मंदिर जीव ओतून शिकवत आल्या होत्या. ('कोरीवकामाचा उत्कृष्ट नमुना' हे शब्द त्या अशा काही ओलाव्याने म्हणत, की मागच्या बाकावरची मुलंही एकदा डोळे उघडून पुन्हा मिटत.) मंदिर मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. सकाळी गाडीने निघालं तर दुपारच्या जेवणाला तिथे पोचता येईल इतकं ते जवळ होतं. आणि जवळच्या गोष्टी कधीही पाहता येतात, म्हणून त्या कुणी पाहत नाही.

गेल्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, मागे काय आहे?"

"कशाच्या मागे?"

"मंदिराच्या. चित्रात नुसतं पुढचंच दाखवलंय."

"मागची बाजूही तशीच आहे," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बघितलीय?"

वर्ग बघत होता. बाईंच्या तोंडून "हो" निसटलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या मुलीने ते परीक्षेत लिहिलं. 'या मंदिराची मागची बाजूही तशीच आहे', आणि खाली पट्टीने रेघ. बाईंनी लाल पेन बराच वेळ हवेत धरून ठेवलं आणि शेवटी बरोबरची खूण केली. खूण झाल्याबरोबर ती गोष्ट इतिहास झाली. पुढच्या चाचणीत ती निम्म्या वर्गाने लिहिली. त्यानंतर शेजारच्या तुकडीला तिची लागण झाली. तिथल्या एका हुशार मुलाने तर 'मागच्या बाजूची वैशिष्ट्ये' म्हणून पाच मुद्दे काढले. (इतिहास साधारण याच पद्धतीने तयार होतो, याबद्दल तज्ज्ञांत फारसा वाद नाही.) सुट्टी संपली की सातवा पाठ पुन्हा येणार होता. त्याच्या आत एकदा त्या मंदिराच्या मागे जाऊन उभं राहायचं, एवढंच बाईंना हवं होतं. तशीच असली तर सुटले. नसली तर आपण नेमकं काय खोटं शिकवलं, ते तरी कळेल.

"अहो, दोन दिवस काढा," त्या साहेबांना म्हणाल्या. "ते मंदिर, वाटेतला किल्ला, आणि जमलं तर येताना दुसरं एक मंदिर. आईंनाही बरं वाटेल."

"अवश्य," साहेब म्हणाले. "आधी तालीम."

पहिली तालीम दिवाणखान्यात झाली. जेवणाच्या चार खुर्च्या गाडीप्रमाणे मांडण्यात आल्या. उजवीकडे पुढे साहेब, हातात कढईचं झाकण. शेजारी त्यांची आई, म्हणजे घरातली आजी. मागे लेक आणि बाई. लेक कॉलेजात जाणारी होती आणि वडिलांवर तिचं प्रेम होतं, पण ते जिभेवरून खाली उतरायचं नाही.

"बाबा, गाडी सुरू झाली हे आम्हाला कळणार कसं?"

"मी तोंडाने आवाज करीन."

"जुन्या गाडीचा करा. नवीन वाटली तर मला रडू येईल."

सदर तालमीत रस्ता सरळ असेपर्यंत परिस्थिती नियंत्रणात होती. घाट लागल्यावर वास्तवता यावी म्हणून साहेबांनी सगळ्यांना डावी-उजवीकडे झुकायला सांगितलं आणि तिसऱ्या वळणावर आजींनी पिशवी मागितली. आजींना खरोखर उलटी झाली. जागच्या जागी उभ्या असलेल्या लाकडी खुर्चीत गाडी लागलेल्या त्या बहुधा इतिहासातल्या पहिल्याच प्रवासी. साहेबांना मनातून फार आनंद झाला. तालमीत उघडकीला आलेला दोष म्हणजे त्यांच्या लेखी वाचलेला जीव.

"म्हणजे तयारी अपुरी आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा."

पुढच्या रविवारी खिडकीवरून भांडण झालं (खुर्च्यांना खिडक्या नव्हत्या, पण लेकीला आणि आजींना एकच खिडकी हवी होती). त्यापुढच्या खेपेला साहेब वाट चुकले आणि कुणालाही न विचारता गोल गोल फिरत राहिले, कढईचं झाकण त्यांनी इतक्या निग्रहाने धरलं होतं की आजी म्हणाल्या, "अरे, उतरून विचार ना कुणाला तरी!" तर साहेब म्हणाले, "मला माहितीय रस्ता." एका तालमीत डबा घरीच राहिला. घरातच असलेला डबा घरी राहिला म्हणून चौघं दुपारभर उपाशी बसले, कारण 'गाडी' बरीच पुढे गेली होती.

हळूहळू बोलबाला झाला. समोरच्या दारातले विमावाले मदतीला येऊ लागले. विमा विकणारा माणूस कुठलीही भूमिका करू शकतो, आणि यांना तर सहा महिन्यांत एक गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. ते प्रथम नाक्यावरचे पहारेकरी झाले, मग ढाब्याचे मालक झाले आणि अखेर मंदिराच्या प्रसंगात त्यांनी एकट्याने गर्दीचं काम केलं. ते काम त्यांनी इतकं समरसून केलं की बाई दोनदा पलंगावर ढकलल्या गेल्या आणि कुणाची तरी एक चप्पल हरवली, ती आजतागायत सापडलेली नाही.

मंदिर म्हणजे बेडरूममधलं लोखंडी कपाट होतं. विमावाले वाटाड्याही झाले.

"या बाजूला या, वहिनी. हे जे आपण पाहतो आहोत, हे एका रात्रीत उभं राहिलं."

"काका, हे कपाट आईच्या लग्नातलं आहे," लेक म्हणाली.

"तेच म्हणतो मी. एका रात्रीत."

बाई कपाटापुढे उभ्या राहिल्या. कपाट भिंतीला टेकून होतं. "मागची बाजू कशी बघायची?" त्यांनी विचारलं.

"मागे काय बघायचंय, वहिनी? लोक पुढूनच बघतात," विमावाले म्हणाले, आणि त्यांच्या त्या म्हणण्यात एका राष्ट्राचं पर्यटन धोरण मावलेलं होतं.

लेकीने कपाटासमोर सगळ्यांना उभं करून फोटो काढला आणि गंमत म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली फक्त 'अविस्मरणीय क्षण' एवढंच लिहिलं. अभिप्राय भराभर आले. दहातल्या नऊ जणांनी 'सुंदर!' म्हटलं, दहावे झोपले होते. मावशीने 'गर्दी नव्हती वाटतं, नशीबवान आहात' असं कळवलं. एका आतोबांनी लिहिलं, 'आम्ही गेलो होतो तेव्हा रंग वेगळा होता. आता पूर्वीचं काही राहिलं नाही.' एका चुलतभावाने तर 'डावीकडच्या कोपऱ्यातलं कोरीवकाम पाहिलंत का?' अशी पृच्छा केली. (डावीकडच्या कोपऱ्यात कपाटाचं कुलूप होतं.)

सुट्टी सरत आली. शेवटची तालीम निर्दोष झाली. आजी वळणावळणाला झुकल्या तरी हसतमुख होत्या, डबा सोबत होता, वाट चुकली नाही, विमावाल्यांची गर्दीसुद्धा शिस्तीत रांगेत उभी राहिली. साहेबांनी शिट्टी फुंकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"झालं बाई एकदाचं," बाई म्हणाल्या. "मग निघायचं कधी?"

"कुठे?"

"सहलीला."

साहेबांनी कढईचं झाकण हळूच मांडीवर ठेवलं. त्यांचा चेहरा खराखुरा गोंधळलेला होता.

"अगं, तालीम कशासाठी करतात? प्रसंग येऊ नये म्हणून. इतकी वर्षं मी कारखान्यात तालमी घेतल्या, लागली का एकदा तरी आग? तालीम उत्तम झाली की प्रसंग टळतो. सहल टळलेली आहे. तू आता निर्धास्त राहा."

आणि ते उठून खुर्च्या जेवणाच्या टेबलाशी लावू लागले.

बाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. लेक मागोमाग आली. "आई, तू रड किंवा भांड. काहीतरी एक कर. नुसती गॅसकडे बघू नकोस, बाबांना वाटेल गळती आहे."

बाईंच्या डोळ्यांसमोर लाल पेनाची ती खूण होती. आणखी वीस वर्षं त्या तशाच खुणा करत राहतील, मुलं मोठी होतील, त्यांची मुलं तेच वाक्य लिहितील, आणि एके दिवशी खुद्द मंदिरालाच आपली मागची बाजू तशी करून घ्यावी लागेल. भांडून उपयोग नव्हता. भांडणासाठी साहेबांकडे वेगळी तालीम होती. त्या बाहेर आल्या.

"अहो, एक प्रसंग राहिलाच की."

साहेब थांबले. "कोणता?"

"वाटेत चालकच बेशुद्ध पडला तर?"

साहेबांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. लग्न झाल्यापासून त्यांनी या बाईकडे असं कधी बघितलं नसेल. "हे..." ते म्हणाले, "हे मला कसं सुचलं नाही?"

"तुम्ही चालक आहात ना. चालकाला कसं सुचेल?"

"बरोबर. अगदी बरोबर. याची तालीम झालीच पाहिजे. उद्याच."

"खुर्च्यांवर नको पण. गाडीतच करू या. बेशुद्ध माणूस खुर्चीवरून घसरतो."

बेशुद्धाबाबतचे नियम साहेबांनी स्वतःच घालून दिलेले होते आणि कारखान्यात त्यांची अंमलबजावणी कडक असे. बेशुद्धाने डोळे उघडू नयेत. बोलू नये. बाहेर काय चाललं आहे याची चौकशी करू नये. अखेरची शिट्टी होईपर्यंत त्याने शुद्धीवर येणं हा शिस्तभंग मानला जाईल. आणि शिट्टी ज्याच्या हाती सूत्रं आहेत त्याच्याकडे असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीत साहेबांनी गळ्यातली शिट्टी काढून बाईंच्या गळ्यात घातली, चालकाच्या शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला, सीट मागे केली आणि ते विधिवत बेशुद्ध पडले.

बाईंकडे गाडी चालवण्याचा परवाना होता. (साहेबांच्या मते परवाना ही चालवण्याची तालीम असते, त्यामुळे तो मिळाल्यापासून चालवण्याचा प्रसंग टळला होता.) त्यांनी किल्ली फिरवली. आजी आणि लेक मागे एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

गाडी हलली.

बेशुद्ध चालकाच्या भुवया वर गेल्या. पहिल्या चौकात त्याचे ओठ हलले. गावाबाहेरच्या पुलावर बाईंनी दुसऱ्या गिअरमध्येच एक ट्रक मागे टाकला, तेव्हा त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला.

"बाबा, हलू नका," लेक म्हणाली. "जखमी हलला की गुण जातात."

पाय स्थिर झाला. साहेबांना सगळं कळत होतं. हवेचा वास बदललेला होता, ट्रकचे भोंगे तोंडाने केलेले नव्हते. पण ज्या माणसाने शेकडो कामगारांना डोळे उघडले म्हणून पुन्हा स्ट्रेचरवर निजवलं, तो आता कुठल्या तोंडाने डोळे उघडणार? किल्ला आला, गेला. घाट लागला. आजी संपूर्ण घाटभर गाढ झोपल्या होत्या. खऱ्या गाडीत वळणं फारशी जाणवत नाहीत, असं त्यांनी नंतर सांगितलं.

जेवणाच्या सुमाराला बाईंनी गाडी थांबवली आणि शिट्टी फुंकली.

साहेबांनी डोळे उघडले. समोर मंदिर होतं. खांब आणि खांबांमधला अंधार स्वच्छ वेगवेगळे दिसत होते. पायऱ्यांवर, ओट्यावर, दारात माणसंच माणसं होती आणि ती सगळी मंदिराकडे पाठ करून हसत होती, कारण समोर त्यांचे फोटो निघत होते.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "घडलं," ते पुटपुटले. "प्रसंग घडला."

"हो," बाई म्हणाल्या.

"माझ्या आयुष्यात पहिल्यांदा..." आणि अचानक त्यांची पाठ ताठ झाली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहायची नाही असं ठरवलं होतं, ते पुढ्यात उभं होतं. "शिट्टी दे."

"देते. पण मी मागे जाऊन येईपर्यंत गाडी हलणार नाही. किल्ली माझ्याकडेच राहील."

"अगं, मागे कशाला? प्रसंगात मागे कुणी जात नाही! सगळे पुढून बाहेर..."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्यांनी शिट्टी दिली आणि मंदिर घेतलं.

पुढे जे झालं त्याचं वर्णन प्रत्यक्षदर्शी अजूनही आदराने करतात. साहेबांनी तीन लांब शिट्ट्या फुंकल्या आणि भरदार आवाजात सांगितलं, "धावू नका! ढकलू नका! सामान सोडा, माणसं सांभाळा! रांगेने मैदानात या!" काय झालंय, हे कुणीच विचारलं नाही. इतक्या आत्मविश्वासाने बोलणाऱ्या माणसाला लोक कारण विचारत नाहीत. सगळी राज्यं याच तत्त्वावर चालतात. पायऱ्या रिकाम्या झाल्या. नवपरिणीत जोडपी, शाळेची एक सहल, तिकीट तपासणारा, तिकीट न काढलेले, सगळे रांगेने वाहनतळावर येऊन उंचीप्रमाणे उभे राहिले. साहेबांनी मोजणी केली. एकही जखमी नव्हता. एका तरुणाने तर विचारलं, "सर, बेशुद्ध कुणी व्हायचंय का?" साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तिकडे मंदिराभोवती चिटपाखरू नव्हतं. बाई भिंतीला हात लावत लावत चालल्या. दगड उन्हाने गरम झाला होता. पहिला कोपरा त्या सरळ वळल्या, दुसऱ्यापाशी क्षणभर थांबल्या, पदर खोचला आणि वळल्या.

त्यांना आधी काही कळेना. मग कळलं. मग त्या हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की शेवटी त्यांना त्या गरम दगडाला टेकून खाली बसावं लागलं. आणि बसल्यावर त्यांनी डोळे पुसले. ते अश्रू हसण्याचे होते की कसले, हे तपासायला तिथे कुणीच नव्हतं. सगळे रांगेत होते.

शाळा सुरू झाली. सातव्या पाठाच्या दिवशी बाईंनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"गेल्या वर्षी मी एका उत्तरावर बरोबरची खूण केली होती," त्या म्हणाल्या. "ती चूक होती. मी मंदिर पाहिलं नव्हतं. आता पाहून आलेय."

मागच्या बाकावरच्या मुलांनी डोळे उघडले आणि या खेपेला मिटले नाहीत. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. पुढच्या रविवारी त्या वर्गातली काही मुलं आपापल्या आईबापांना ओढत मंदिराच्या मागे घेऊन गेली, असं समजतं.

बाईंनी त्या तासाला काय सांगितलं, ते इथे देता आलं असतं. आमच्यापाशी सविस्तर माहिती आहे. पण आपण ते वाचलं असतं, मान डोलावली असती, आणि येत्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी चहा पिता पिता त्या मंदिराचा विषय निघाल्यावर, कप खाली न ठेवता, "हो, पाहिलंय आम्ही, मागची बाजू तर काय विचारता!" असं म्हणाला असता. तसं म्हणायला आता काहीच हरकत नाही. घाट, किल्ला, गर्दी, दगडाचा गरमपणा एवढं सगळं आपण बसल्या जागेवरून न हलता पार पाडलं आहे, एकही चूक केलेली नाही, आणि आपलं जाणं टळल्याबद्दल आपलं मनःपूर्वक अभिनंदन.